मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे

नाशिकला कॉलेजच्या ऑफिसात मी अकरा वर्षं प्रवेशाच्या खिडकीत बसले. त्या अकरा वर्षांत एकाही मुलाची मूळ गुणपत्रिका माझ्या टेबलावर दहा मिनिटांपेक्षा जास्त राहिली नाही. शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घ्यायचो, तो नियमच होता. गुणपत्रिका मात्र हातात घ्यायची, झेरॉक्सशी ओळीनं ओळ ताडायची, झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारायचा आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत. कुणी विसरून निघालं तर मी खिडकीतून हाक मारायचे. ऑफिसात ठेवलेला कागद उंदीर खातो, नाहीतर बदली झालेल्या साहेबाच्या कपाटात कुलपाखाली राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

नवरा कतारमध्ये रास लफानला गॅसच्या प्लँटवर शिफ्टमध्ये होता. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी आणि मुलगी त्याच्यामागून दोहाला गेलो. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की त्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ नाही, कंपनीच्या तिजोरीत आहे.

"सगळ्यांचाच असतो," तो म्हणाला.

"पावती कुठाय?"

"कसली पावती?"

"पासपोर्ट दिल्याची."

"अगं, इथे कुणी पावती मागत नाही."

"मग तू काय, झेरॉक्स घेऊन हिंडतोस?"

तो झेरॉक्स घेऊनच हिंडत होता. त्या दिवशी मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. माझा आणि मुलीचा पासपोर्ट मी तांदळाच्या डब्यामागे ठेवला.

दोनेक वर्षं घरी बसून कंटाळले, तेव्हा एका सरकारी कॉलेजच्या मुलींच्या विभागात जागा असल्याचं कळलं. दोन वर्षांचं कॉलेज. बारावी झालेल्या तिथल्या मुलींना सरकार आपल्या खर्चानं पाठवायचं: फी, पुस्तकं, न्यायला-आणायला बस, महिन्याचा भत्ता, आणि पुढे कुठल्या तरी खात्यात नोकरी. प्रत्येक मुलीची फाईल तयार करून शिष्यवृत्तीच्या समितीकडे पाठवायची, हे माझं काम. नोकरी कराराची, पहिले सहा महिने माझं काम बघण्याचे. माझी मुलगी त्याच वर्षी भारतीय शाळेत बारावीला गेली होती. तिच्यासाठी या खिडकीत फॉर्म नव्हता. तो असावा असंही मला वाटलं नाही. आपण त्यासाठी गेलो नव्हतो. तिची गुणपत्रिका पुण्याला जायची होती, एवढंच.

ऑफिसात माझ्या शेजारी एक सुदानी बाई बसायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. अरबी टायपिंग त्यांच्याकडे. आमच्या वर विभागाच्या प्रमुख, त्यांना सगळे 'मुदीरा' म्हणायचे, त्या तिथल्याच. मला अरबी आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. फाईलमध्ये काय काय लागतं त्याची यादी अरबीत होती, ती सुदानी बाईंनी मला वाचून दाखवली आणि मी देवनागरीत उतरवून घेतली. फोटो, ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, बारावीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मूळ की नक्कल, हे मी विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही.

मुली यायच्या त्या तीन-चारच्या घोळक्यानं. काळे पायघोळ अबाये, अत्तराचा दरवळ, आणि हातातल्या पर्समध्ये चार घड्या घातलेलं बारावीचं प्रमाणपत्र. एकीनं त्याच्या पाठीवर काजळपेन्सिलीनं कुणाचा तरी फोन नंबर लिहिला होता. मी तो कागद टेबलावर तळहातानं सपाट केला. झेरॉक्स काढली, शिक्का मारला, मूळ तिच्यापुढे सरकवलं.

"राहू द्या ना, मिस, तुमच्याकडेच," ती म्हणाली.

"माझ्याकडे कशाला? तुझा कागद आहे."

"घरी हरवेल."

"हरवायचा नाही. हा आयुष्यात एकदाच मिळतो. घडी घालू नकोस. लॅमिनेट करून घे आणि कपाटात ठेव."

ती मैत्रिणींकडे बघून हसली, पुन्हा चार घड्या घातल्या आणि गेली. हे भाषण मी बावीस मुलींना दिलं. बावीसपैकी एकवीस जणी हसल्या.

बाविसावी अल खोरची. दोहापासून तासाभराच्या अंतरावरचं, उत्तरेला समुद्राकाठचं गाव. ती एकटी आत आली. थोरला भाऊ बाहेर गाडीत बसून होता. तिचा कागद वहीत सरळ ठेवलेला होता. तिनं मला एकच गोष्ट तीनदा विचारली.

"पत्र घरी येईल ना, मिस? सरकारच्या शिक्क्याचं?"

"येईल."

"वडिलांच्या नावानं?"

"हो."

"नक्की ना? वडील म्हणाले, सरकारनं बोलावलं तर जा. नाहीतर रोज दोहाला जायचं कारण काय, असं लोक विचारतील."

"येईल म्हटलं ना. समितीनं नाव काढलं की पत्र निघतंच."

मग तिनं मूळ कागद माझ्याकडून घेतला, पुन्हा वहीत ठेवला आणि विचारलं, "लॅमिनेट कुठे करतात?"

मला बरं वाटलं. मी तिला स्टेशनरीच्या दुकानाचा पत्ता दिला. म्हटलं, "दोन्ही बाजूंनी करायला सांग. कडा नीट बंद झाल्या पाहिजेत." तिनं ते लिहून घेतलं.

ऑगस्टच्या शेवटी, एका रविवारी, बावीसच्या बावीस फायली परत आल्या. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची आणि समितीचं काम बुधवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होतं. प्रत्येक फायलीवर लाल शाईत एक ओळ. मुदीरा रजेवर होत्या. सुदानी बाईंनी चष्मा लावला, पहिली फाईल वाचली, दुसरी वाचली, मग सगळ्या नुसत्याच चाळल्या.

"बहिणी, सगळीकडे एकच वाक्य आहे. मूळ प्रमाणपत्र नाही."

"मूळ मुलींकडे आहेत. मी परत दिले."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का?"

"हरवू नयेत म्हणून," मी इंग्रजीत म्हटलं.

त्यांनी मग समजावलं. समिती मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर शिक्का मारते, म्हणजे एका कागदावर कुणी दोन ठिकाणांहून शिष्यवृत्ती घेऊ नये. आणि कोर्स संपेपर्यंत कागद सरकारकडे, म्हणजे शिक्का होऊन आमच्याच कॉलेजच्या कपाटात राहतो.

"दोन वर्षं?" मी म्हटलं. "आणि हरवला तर?"

"सरकारकडे कसा हरवेल?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "म्हणजे, माझ्या सरकारकडे हरवेल. तुझ्याही हरवेल. यांच्या नाही. यांना तो घरातच ठेवल्यासारखा वाटतो."

सोमवारी सकाळी सातपासून मी फोन लावत बसले. मुली आल्या. एक जण खिडकीशी वाकून म्हणाली, "मिस, मी म्हणत होते ना, ठेवा म्हणून?" दुसरी म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून आईनं कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि किल्ली घेऊन ओमानला, सलालाला गेली." तिच्या काकांनी कपाट फोडलं. कागद आणून देताना ती मला कपाटाचं लाकूड कोणतं होतं ते सांगत होती. सोमवार संपेपर्यंत एकवीस मूळ कागद माझ्या टेबलावर होते. काजळपेन्सिलीचा नंबरसुद्धा.

अल खोरचा फोन लागत नव्हता. फॉर्मवर नंबर भावाचा, आणि भाऊ तटरक्षक दलात, दोन दिवस बोटीवर. मंगळवारी सकाळी, दुसऱ्या एका मुलीकडून कळल्यावर, तिचाच फोन आला.

"मिस, माझा तयार आहे. तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन्ही बाजूंनी."

मी तिची फाईल बंद केली.

"कडा पण बंद आहेत," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि सुदानी बाईंना सांगितलं. त्यांनी आपलं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र काढलं, त्यावर ऑफिसचा शिक्का मारला आणि अंगठा फिरवला. शिक्का अंगठ्यावर आला. "बघ," त्या म्हणाल्या. लॅमिनेशन सोलायचा विचार माझ्याही मनात आला होता, पण सोलताना छपाई प्लॅस्टिकबरोबर निघते, हे नाशिकला दोनदा पाहिलं होतं.

दुसरी प्रत मिळायची ती शिक्षण खात्याच्या परीक्षा विभागातून. त्यासाठी पालकानं स्वतः जाऊन अर्ज करायचा आणि पंधरा दिवस थांबायचं. एकच आडवाट होती. कागद सरकारी ऑफिसनं खराब केला असेल, तर ते ऑफिस पत्र देऊन त्याच दिवशी दुसरी प्रत मागू शकतं. पत्रात कुणी आणि कसा खराब केला ते लिहावं लागतं, आणि खराब कागद जमा करावा लागतो.

"वडिलांनाच आण," सुदानी बाई म्हणाल्या. "जुने लोक आहेत, कुणाला तरी ओळखत असतील. ते जाऊन बसले तर पंधरा दिवसांचे दोन तास होतात. पत्रात कशाला अडकतेस? तुझे सहा महिने व्हायचेत."

मलाही ते पटलं. अकरा वर्षांच्या नोकरीत मी शिकले होते की चूक कबूल करायची तर तोंडी करावी, कागदावर करू नये.

नवरा रात्रपाळी करून झोपला होता. त्याला उठवलं.

"कुठे?"

"अल खोर."

"मी आत्ताच तिथून आलो."

"त्याच्याही पुढून आलास. चल."

घर समुद्राजवळ होतं. नवऱ्याला पुरुषांच्या बैठकीत नेलं, मला बायकांच्या. मुलीच्या आईनं कॉफी ओतली, खजूर पुढे केले. मुलगी प्रमाणपत्र घेऊन आली. लॅमिनेशन खरंच चांगलं झालं होतं. एकही बुडबुडा नव्हता. मी काय झालं ते इंग्रजीत सांगितलं, तिनं आईला अरबीत सांगितलं. सांगताना तिनं माझी चूक जवळजवळ गाळली, हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळलं; आई मुलीवरच चिडली होती.

"आई म्हणते, मी घाई केली."

"तिला सांग, घाई मी केली."

तिनं ते सांगितलं की नाही, कळलं नाही. मग ती खाली बघून म्हणाली, "या वर्षी नाही गेले, तर पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या मुलाशी लग्न आहे. काकांकडचे लोक थांबलेत. कॉलेज सुरू असलं तर ते दोन वर्षं थांबायला तयार आहेत. नुसती घरी बसले तर नाही थांबणार."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला कॉलेजला जायचंय, मिस. म्हणून तर लॅमिनेट केलं."

थोड्या वेळानं वडील दाराशी आले. सत्तरीचे असावेत, पायानं अधू. ते नवऱ्याशी बोलत होते ते हिंदी, आयुष्यभर मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून आलेलं. माझ्याशीही तेच बोलले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही सकाळी परीक्षा विभागात आलात तर काम होईल.

"मी नाही येणार," ते म्हणाले.

"अर्धा तासच लागेल."

"वेळेचं नाही. सरकारनं माझ्या मुलीला बोलावलं, तर मी पाठवीन. भावाला सांगीन, गावाला सांगीन, सरकारनं बोलावलंय. पण मी सरकारच्या दारात जाऊन माझी मुलगी घ्या म्हणणार नाही. तुझे वडील गेले असते?"

माझे वडील मला सायकलवर घेऊन सगळ्या दारांत गेले होते. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं.

"नाही," मी म्हटलं. "ठीक आहे. ऑफिस मागेल."

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि नवऱ्याला आणखी कॉफी घ्यायला लावली.

मी कागद घेतला. निघताना पिशवीतून एक कोरा कागद काढला, त्यावर 'मूळ प्रमाणपत्र मिळाले' असं इंग्रजीत लिहिलं, सही केली आणि मुलीला दिला. तिनं विचारलं, "हे कशाला?"

"माझ्याकडे तुझा कागद आहे, म्हणून."

"मला माहीत आहे ना, तुमच्याकडे आहे ते."

"तरी ठेव."

परत येताना नवरा म्हणाला, "म्हातारा भला आहे. पण पत्र तू लिहिणार?"

"मीच लिहिणार."

"नोकरी गेली तर?"

"तर घरी बसेन. आधी बसलेच होते."

सुदानी बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या टाइपरायटरवर त्यांनी अरबीत पत्र केलं. मी इंग्रजीत सांगत गेले: मी स्वतः मुलीला मूळ कागद परत दिला, मीच तिला लॅमिनेट करायला सांगितलं, मुलीची आणि तिच्या घरच्यांची काहीही चूक नाही. त्यांनी टाइप केलेलं मला वाचता येत नव्हतं. आजवर न वाचलेल्या कागदावर मी सही केली नव्हती. त्या दिवशी केली. मग मुदीरांच्या घरी. त्या रजेवर असल्या तरी दोहातच होत्या. त्यांनी उभ्या उभ्या पत्र वाचलं.

"यात 'मी' फार आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे 'कार्यालयाकडून झालं' असं लिहितात."

"मग ते विचारतील, कार्यालयात कोणी. पुन्हा एक दिवस जाईल."

"तुला कल्पना आहे, हे तुझ्या नावावर राहील?"

"आहे."

"आणि तू कागद परत का देत होतीस?"

"आमच्याकडे तसंच करतात."

"विचित्र आहे," त्या म्हणाल्या. सही केली, पर्समधून शिक्का काढून मारला. "उद्या सातला पोच. तिथला माणूस नऊला चहाला जातो आणि परत येत नाही."

मी पावणेसातला पोचले. माणूस साडेसातला आला. पत्र वाचता वाचता त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं. लॅमिनेट केलेला कागद उजेडात धरला, म्हणाला, "काम चांगलं केलंय," आणि रद्द म्हणून कात्रीनं त्याचा कोपरा कापला. दुसरी प्रत आतल्या छपाईच्या खोलीतून पावणेअकराला हातात पडली, अजून गरम. मी ती घडी न घालता दोन पुठ्ठ्यांत धरून टॅक्सीत बसले. साडेअकराला समितीच्या टेबलावर बावीस फायली ठेवल्या. तिथल्या कारकुनानं कागद उलटे करून पाठीवर शिक्के मारले, एकामागून एक, बावीस. मी मोजत उभी राहिले.

पुढच्या महिन्यात पत्रं गेली. अल खोरचं तिच्या वडिलांच्या नावानं गेलं. ते मी स्वतः पाकिटात घातलं.

मुदीरा रजेवरून आल्या त्या दिवशी मला बोलावून लेखी ताकीद दिली. दोन प्रती होत्या. मी सवयीनं वरची उचलली. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

"मूळ फायलीत राहील. नक्कल तुझी."

नोकरी राहिली. मी तिथे पुढे आठ वर्षं होते. दुसऱ्या वर्षापासून मूळ कागद ठेवून घेऊ लागले, पण मुदीरांची परवानगी काढून पावतीपुस्तक छापून घेतलं. प्रत्येक मुलीला पावती द्यायचे. मुली ती घ्यायच्या, आभाराचं 'शुक्रन' म्हणायच्या, आणि दाराशेजारच्या टोपलीत टाकून जायच्या. शेवटी मी टोपली दुसरीकडे हलवली. मग त्या पावत्या बाहेरच्या कठड्यावर सापडायला लागल्या. कोर्स संपला की कागद मागायला येताना पावती कुणीच आणायचं नाही. "मिस, तुम्हाला माहीत आहे ना, मी कोण ते?" मला माहीत असायचं. मी कागद द्यायचे आणि पावतीपुस्तकात माझ्याकडे राहिलेल्या स्थळप्रतीवर 'मूळ परत दिले' असा शिक्का मारायचे.

त्या बावीस जणींचा कोर्स संपला तेव्हा माझी मुलगी पुण्यात दुसऱ्या वर्षाला होती. तिची गुणपत्रिका कॉलेजनं ठेवून घेतली होती, पावती दिली नव्हती, आणि फोनवर हे सांगताना ती म्हणाली, "आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट." मी स्टार्ट केलंच.

अल खोरची मुलगी शेवटी आली. लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि त्यानंतर बंदराच्या खात्यात नोकरी. भाऊ बाहेर गाडीत होता. मी कपाटातून तिचं प्रमाणपत्र काढलं, उलटं करून शिक्का तपासला, सुलटं करून तिच्यापुढे ठेवलं. तिच्या वेळी पावतीपुस्तक नव्हतं, त्यामुळे स्थळप्रतही नव्हती. मी रजिस्टर उघडलं.

"थांबा, मिस," ती म्हणाली. वही उघडली आणि त्यातून अल खोरच्या घरी मी लिहून दिलेला तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. लॅमिनेट केलेला, दोन्ही बाजूंनी, कडा बंद.

मी शिक्का शाईत दाबला आणि त्यावर मारला. अंगठा फिरवला. शाई निघून आली.

"यावर बसत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "परत द्या तो मला."

मी परत दिला आणि रजिस्टरमध्ये तिची सही घेतली.